सेवास्तीचं घर

—बंद कशाला करतेस ते आवाज टिपायचं यंत्र? राहू दे की चालू, मी काय चोरून बोलतेय? बस. त्या पेटाऱ्यावर बस, माझ्या आईचा आहे, तुझ्यासारख्या काटकुळीनं काही मोडत नाही तो. हं, तर काय म्हणून गेलीस तू काल— रोमन लोकांचा शब्द! आपला ‘स्पीती’! तू गेल्यापासून हसतेय मी. अगं, शेंबडं पोर बोलायला लागलं की ‘आई’नंतर ‘स्पीती’ म्हणतं, सगळा ग्रीस घराला स्पीती म्हणतो, आणि तू रोड्सच्या विद्यापीठातनं बोटीत ओकत ओकत इथवर येतेस आणि ऐंशीला टेकलेल्या बाईला सांगतेस की तो शब्द आपला नाहीच म्हणून! होस्पीतिउम— बरोबर म्हटलं ना? बघ, लक्षात आहे माझ्या. होस्पीतिउम. वाटसरूला एक रात्र टेकायची जागा. धर्मशाळा. शिपाई यायचे, घोडी बांधायचे, सकाळी चालते व्हायचे. मग लोकांनी पुढचं ‘हो’ खाल्लं, मागची शेपटी तोडली, उरलं ते स्पीती. म्हणजे इतकी शतकं आम्ही सगळे धर्मशाळेत राहतोय आणि कुणी सांगितलं नाही! माझी आई याच झोपायच्या ओट्यावर मेली, तिची आई याच ओट्यावर— आणि त्या सगळ्या पाहुण्या होय गं थेक्ला? हसू नको. हसलीस तरी चालेल म्हणा.

आणि तो शब्द नपुंसकलिंगी म्हणालीस. ते मात्र माहीत होतं मला, मी चार वर्षं शाळेत गेलेय, ती बाहेर आहे ना पावाच्या भट्टीवर, कालित्सा, ती एक दिवस नाही गेली. पण गंमत बघ— या गावात घर बाईकडून बाईकडे जातं. आईचं घर थोरल्या मुलीला, पुरुषाचा त्यात काडीचा हात नाही, तो लग्न करून टोपी घेऊन आत येतो आणि मेला की पाय पुढे करून बाहेर जातो. आणि शब्द मात्र ना बाई ना बाप्या! बसवला असेल कुणा पुरुषानंच. आणि ते जोराचं जे सांगितलंस ना, ते फार आवडलं मला— नुसतं ‘घर’ म्हणताना जोर पुढे, स्पीती, आणि ‘घराचं’ म्हणायचं झालं, घराची किल्ली, घराची मालकीण, की ‘स्पित्यू’, जोर पळाला शेवटाला. बरोबरच आहे. मालकी आली की जोर कुठे द्यायचा ते बदलतंच. मी ते कालच शिकले, पण वागत आलेय जन्मभर.

कॉफी येईल. कालित्सा! कॉफी! —येईल, आता करपवून आणेल. मागे एकदा साखर म्हणून मीठ घातलं तिनं, पापा-कोस्मास समोर बसलेला, आमचा पाद्री गं, बिचाऱ्यानं घोट घेतला, गिळला, आणि म्हणाला, वा. सभ्य माणूस. डोळे गेलेत तिचे. दुधावर साय आल्यासारखे झालेत, तू पाहिलेसच. गेल्या आठवड्यात पावाची अख्खी परात जाळली, कोळसा नुसता, आणि वर म्हणते कशी, वास आला नाही गं सेवास्ती. बघायला डोळे नाहीत, वासाला नाक नाही, मग राहिलं काय? हात राहिले. हात अजून चांगले आहेत. मला या ओट्यावरून उतरवते, चढवते, बूट घालते, केस विंचरते— हे माझं कंबरेचं हाड मोडल्यापासून माझा पाय जमिनीला लागतो तो तिच्या खांद्यावर हात असेल तेव्हाच. पण नुसत्या हातांना काय चाटायचंय? भिंत चाचपडत चालते. बघवत नाही.

तर ते दुसरं काय सांगितलंस— आपला खरा जुना शब्द. ईकोस. वाडवडिलांचा, पोथीतला, कुळाचा आणि चुलीचा. तो हाकलला त्या रोमन धर्मशाळेनं, आणि आता तो तीनच दारांवर दिसतो म्हणालीस. एक, बड्या शिंप्यांच्या दुकानांवर. दोन, त्या तसल्या बायकांच्या घरावर. आणि तीन, म्हाताऱ्यांच्या आश्रमावर. देवमाते! शिंपी, रांडा आणि म्हातारे! इतका हसला माझा जीव, कालित्सा धावत आली बाहेरून, तिला वाटलं माझा घास अडकला. —हां. तर आश्रमावरूनच बोलायचं होतं मला. म्हणूनच बोलावलं तुला, शब्दांसाठी नाही. आता बंद कर हवं तर ते यंत्र. नाही? बरं, राहू दे.

आज दुपारची बोट आहे ना तुझी? मोटार घेऊन खाली बंदरात जाशील. तर तिला ने. कालित्साला. एवढंच. मोटारीत जागा आहे तुझ्या, मी खिडकीतून पाहिलंय, मागे नुसत्या पिशव्या पडलेल्या असतात. रोड्सला धक्क्यावर एक जोगीण उभी असेल, सिस्टर पेलाग्या म्हणून, काळा झगा, जाड चष्मा, तिच्या हाती दे आणि तू मोकळी. तिथे आहे ना डोंगरावर, चर्चचा, तो ईकोस— बघ, आला की नाही तुझाच शब्द! —घरच्यांना न झेपणाऱ्या म्हाताऱ्या ठेवतात. छान आहे म्हणतात. स्वच्छ आहे.

तिला? तिला काय सांगायचंय! तिला सांगितलंय डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. खुशीत आहे. तू पण तेच सांग, विचारलंच तर. विचारणार नाही ती, आयुष्यात काही विचारलं नाही कधी. —अगं असं काय बघतेस? यात खोटं काय, तिथे डॉक्टरही येतच असेल की. जोगिणी डोळे बघतीलच. थोडं उशिरा कळेल तिला इतकंच, आणि कळल्यावर तिथून परत यायला बोटीचा धक्का तरी दिसायला हवा ना तिला! —हसले मी फक्त. तू फार कोवळी आहेस. आपल्याकडे शिकलेल्या पोरी सगळ्या अशाच होतात.

मी कुठे जाणार? मी पिरेयसला, निकितासकडे, माझ्या मुलाकडे. रविवारच्या बोटीनं येतोय तो न्यायला. मोठं घर आहे त्याचं, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. समुद्र दिसतो. न्हाणीघरातून दिसतो, खिडकीशी उभं राहिलं की, पण दिसतो. माझी झोपायची सोय बाहेरच्या खोलीत केलीय सुनेनं, व्हूलानं, असा सोफा असतो बघ, रात्री उघडला की पलंग, सकाळी मिटला की बैठक. सातला मिटायचा म्हणाली, पोरांना शाळेआधी दूध प्यायला बसायला लागतं तिथे. बरं, म्हटलं. मी काय, पहाटेचीच जागी असते. आणि एक पेटी आणा म्हणाली, एकच, कपाट लहान आहे. हा ज्यावर बसलीयेस तो पेटारा नाही चालणार तिला, याला वास येतो म्हणते. पण स्वभावानं चांगली आहे, फोनवर नेहमी विचारते माझी औषधं किती असतात म्हणून.

आणि हे घर— हे निकितास पाहुण्यांना देणार. उन्हाळ्यात येतात ना ते जर्मन, नॉर्वेचे, उघड्या मांड्यांचे, त्यांना असलं सगळं लागतं, कोरलेला खांब, भिंतीवरच्या बश्या, हा ओटा. ओट्यावर झोपायला मिळतं म्हणून जास्त येतील म्हणाला. गादी नवी घालणार, माझी फेकणार. म्हणजे तुझी धर्मशाळाच झाली की! काल ऐकलं तेव्हापासून तेच घोळतंय डोक्यात. फिरून शब्द आपल्या जागेवर आला. —नाही, मला काय वाईट वाटायचंय? मुलगी नाही मला. मुलगी असती तर तिला गेलं असतं, माझ्या आईच्या नावाची मुलगी. दोनदा राहिले होते नंतर, दोन्ही गेल्या. असो. देवाची मर्जी.

ती? तिला कुठून जाणार? अगं धाकटी बहीण ना ती माझी! तुला आमच्यातलं ठाऊक नाही की काय, इतके दिवस शब्द गोळा करत हिंडतेयस ते. थोरली ती लाडकी, घर तिचं, शेत तिचं, गळ्यातल्या सोन्याच्या मोहरा तिच्या, आणि धाकटीचं काय— धाकटी थोरलीच्या घरी राहते. राबते, खाते, अंग टाकते. कुणी मारत नाही तिला. मी एकदाच मारलंय. माझ्या आईच्या धाकट्या बहिणीनं असंच केलं, तिच्या आईला अशा धाकट्या दोघी होत्या. त्या कोपऱ्यात चुलीपाशी अंथरूण घालते ती, थंडीत उबदार जागा आहे, माझ्यापेक्षा बरी. ओट्यावर? छे! ओट्यावर घरचे झोपतात.

अगं हो, ते ऐक की— तूच तर केलंस ते परवा, भट्टीपाशी, तिला म्हणालीस, मावशी, ‘मी घरी जाते’ असं म्हणा बरं या यंत्रात. मी खिडकीतून ऐकत होते. आपण सगळे कसं म्हणतो, नुसतं ‘पाओ स्पीती’, पुढे काही नाही मागे काही नाही, आपल्या घरी जाताना सांगावं लागत नाही कुणाचं ते. आणि ती बया काय म्हणाली? ‘मी सेवास्तीच्या घराकडे जाते.’ तू म्हणालीस, नाही मावशी, तुमच्या स्वतःच्या घरी. ती परत तेच. तिसऱ्यांदा पण तेच! मला इतकं हसू आलं, उशी तोंडात कोंबली. तुझं तोंड उतरलं होतं बाई. का गं? वाक्य चुकलं म्हणून? चुकलं कुठे! माझं घर, मग माझंच म्हणणार. इतकं व्याकरण तिला शाळेत न जाता येतं.

लग्न? कुणाशी करणार होती, बिनघराच्या बाईशी कोण करतंय? आमच्यात लग्न करणं म्हणजे ‘घर उघडणं’, घाल तुझ्या यंत्रात. आता दारच नाही तर उघडणार काय? —मिनासचं कुणी सांगितलं तुला? आनेझिनानं? शेजारचीनं? तरीच. तिची जीभ एक दिवस गळून पडेल. बरं, मग नीट ऐक, तिनं सांगितलं असेल ते अर्धंच असेल. मिनास बूट शिवायचा, हे आपल्या बायका घालतात ते उंच, बकऱ्याच्या कातड्याचे. हात सोन्याचा होता त्याचा. मला घर नको, शेत नको, म्हणायचा, पोरगी द्या. मूर्ख. आणि तिच्या पायाचं माप घेतलं कसं, माहितेय? गिरणीत! पवनचक्कीत दळायला गेली होती, जमिनीवर पीठ सांडलेलं, त्यात पाऊल उमटलं हिचं, आणि हा मागाहून जाऊन दोरीनं मोजून आला. तिला पत्तासुद्धा नाही. महिन्याभरानं बूट आणून ठेवले भट्टीपाशी, काही बोलला नाही, लाल कातड्याची किनार, फुलं कोरलेली— असे बूट मी माझ्या लग्नातसुद्धा घातले नव्हते. आणि ते कुणासाठी? जी अनवाणी लाकडं वाहते तिच्यासाठी!

मग काय, घातले मी. ऑगस्टातल्या देवमातेच्या जत्रेला, चर्चपुढच्या चौकात, सगळं गाव नाचतंय, मी मोहरा घालून पुढे आणि पायात ते बूट. पोटात निकितास होता सहा महिन्यांचा. लहान होत होते गं, काय सांगू, कालित्साचं पाऊल एवढंसं, माझी बोटं आत दुमडून गेली होती, पण नाचले. सूर्य मावळेपर्यंत नाचले. मिनास लीरा वाजवणाऱ्यांच्या मागे उभा होता. बघत होता माझ्या पायांकडे. त्याला वाटलं, तिनंच देऊन टाकले. त्याला वाटलं हा नकार. मी कुठे एक शब्द बोलले? विचारायचं होतं त्यानं! पण हे पुरुष असेच, मान खाली घालून गेला आणि त्या शरदातच बाल्टिमोरला गेला, तिथे कुणा इटालियन बाईशी घर उघडलं म्हणे. आणि ही— ही त्या दिवशी घरी भांडी घासत होती. नाही, तिला नाही सांगितलं. तिला बूट दिसले तेव्हा ते माझ्या पायात होते, झालं. ‘छान आहेत’ म्हणाली. हे बघ माझी बोटं, अजून वाकडी आहेत. रोज तेल लावून चोळते ती. विचार कर, तिनंच चोळायची.

अशी बघू नकोस. गेली असती तर? माझं मूल कुणी वाढवलं असतं, नवरा समुद्रावर, आई खिळलेली? पाठीवरून लाकडं कुणी आणली असती? तिच्याच भल्याचं केलं. परमुलखात तिला कोण विचारतं! इथे पोटभर होतं, आपली माणसं होती, निकितासला तिनंच मांडीवर वाढवलं. फार लळा होता त्याला. पहिल्यांदा ‘आई’ म्हणाला ते तिच्याकडे बघून म्हणाला, हात पसरून, मी इथे ओट्यावर बसलेली. दिली एक थोबाडीत. त्याला गं, वर्षाचा होता. आणि एक तिला. तीच ती एकदाची, जी मघाशी सांगितली. मग शिकला तो. आता तर तिचं नावही काढत नाही फोनवर. परवा मी म्हटलं, मावशीचं काय करायचं रे? तर म्हणाला, कोण, ती आहे अजून?

म्हणजे ठरलं ना? नेतेस ना? —काय म्हणतेस, तिला विचारू? काय विचारणार! ‘मावशी, तुला घराबाहेर काढायचंय, चालेल का’ असं? किती दुष्ट आहेस गं तू. जुन्या झाडाला विचारून कुणी तोडतं? नाही, तुला वाटतंय तसं नाही, माझ्या एकटीच्या डोक्यातलं नाहीच हे मुळी. पापा-कोस्मासच म्हणाला. इस्टरआधीच्या, लेंटच्या उपासात आला होता, तो मीठ घातलेल्या कॉफीचा दिवस, म्हणाला, सेवास्ती, तू आता मुलाकडे जाशील, मग कालित्साचं काय, रोड्सच्या आश्रमात एक जागा रिकामी होतेय, मी लिहू का तिथे? मी म्हटलं लिही, लगेच लिही. देवाचा माणूस, त्यालाच सुचलं. माझ्या मनात होतंच पण मी तोंडातून काढलं नव्हतं. बघ, पाद्री जे म्हणतो ते पाप कसं असेल? उलट पुण्यच लागेल तुला.

आणि रविवारपर्यंत माझं होईल की. आनेझिना येईल. म्हणजे मी अजून विचारलं नाही तिला, इस्टर झाल्यापासून बोलत नाही आम्ही, तिची कोंबडी माझ्या अंगणात— ते जाऊ दे, पण येईल. येणार नाही तर जाईल कुठे? ओट्यावरून उतरवायचं, दोन घास द्यायचे, त्यात काय एवढं. कालित्सा करतेच ना, आंधळी असून.

ती बघ आली. काही बोलू नकोस, हस जरा. —कॉफी कुठाय? कालित्सा, मी कॉफी सांगितली होती. आणि हे काय घातलंस? तो काळा चांगला झगा मौतीला घालायचा असतो, डॉक्टरकडे कशाला? आणि डोक्याला माझ्या आईचा रुमाल! आईनं दिला? तुला? कधी दिला? मला नाही सांगितलं कधी तिनं. —गाठोडं एवढं मोठं कशाला? दोन दिवसांचं काम. डोळ्यांत थेंब घालतील आणि पाठवतील, थेक्ला सोडते तुला, मी सांगून ठेवलंय तिला सगळं. उभी काय अशी? बोल की.

काय?

कुणी सांगितलं तुला? आश्रमाचं? —थेक्ला, तू बोललीस? परवा भट्टीपाशी? मग? —पापा-कोस्मास. केव्हा? —लेंटच्या आधी? अगं तो माझ्याकडे आला लेंटमध्ये, आधी कसं सांगेल? मोठ्यानं बोल, तोंडातल्या तोंडात नको. तू सांगितलंस त्याला. तू. पापा-कोस्मासकडे जाऊन. एकटी गेलीस, भिंत धरून, चर्चपर्यंत, आणि म्हणालीस— सेवास्तीला सुचवा म्हणून. तिला तिचंच डोकं वाटू द्या म्हणून. म्हणालीस असं? आणि तो पाद्री, देवाचा माणूस, माझ्या समोर बसून मीठ पीत होता!

बघ गं थेक्ला, ऐकलंस? चालू आहे ना ते यंत्र? ही चिमूटभर बाई. ही. जिला ‘मी घरी जाते’ म्हणता येत नाही, ती.

कशासाठी पण? काय कमी होतं तुला इथे? —खाट. खाट काय, खाट हवी होती तर सांगायचंस, एक खाट काय मोठी— कुठे ठेवली असती हे खरंय, चुलीपाशी जागा नाही, पण सांगायचंस तरी. —खिडकीपाशी. बरं. खिडकीतून बघणार काय तू, डोळे कुठायत? ऊन लागेल तोंडाला. बरं. बरं. आणि सूप. कुणीतरी सूप आणून देतं, हातात देतं. आणि तू बसलेली असतेस. आणखी काय? सांग, सांग, आज सांगतेच आहेस तर सगळं सांग. —सकाळी कुणी हाक मारत नाही.

असं म्हणालीस. माझ्या तोंडावर.

जन्मभर पोसली मी हिला. ऐक थेक्ला, जन्मभर. माझ्या छपराखाली, माझ्या भाकरीवर. आणि मला वाटत होतं रडेल. माझे पाय धरील, म्हणेल नको पाठवू, कोपऱ्यात पडून राहीन— मी ठरवून ठेवलं होतं काय उत्तर द्यायचं ते. काय वेडी मी. ही तर मौतीचा झगा घालून तयार. हसतेस की काय? ओठ हलला तुझा, मी पाहिला. पहिल्यांदा पाहिला.

नाही, थांब. आज नको. ऐक, आज नको, सोमवारी जा, सोमवारी बोट असते, मीच पाठवीन. रविवारी निकितास येऊ दे, मला खाली उतरवायला कोण आहे तोवर? —आनेझिनाला विचारलंस तू? आणि? नाही म्हणाली. नाही म्हणाली! माझा निरोप असता तर तिची छाती झाली नसती. —नर्स? दवाखान्यातली? थेक्ला, तू सांगून जाणार? सांग, सांग, येईल ती, संध्याकाळी एकदा येईल, हातमोजे घालून उचलेल मला, पोत्यासारखी. मला परक्या बाईनं हात लावायचा? माझ्या घरात? —पाणी ठेवलंस हाताशी. पाव ठेवलास. भांडं ठेवलंस खाली. सगळं ठेवलंस. फार हुशार गं. आंधळीला सगळं दिसतं.

हात नको धरूस माझा. नको पाया पडूस, सोड! जायचंय ना? जा. थेक्ला, उचल तिचं गाठोडं, बोट चुकेल तुमची. त्या उंबऱ्यावर अडखळते ती, धर तिला डावीकडून— नाही, मला काय, पडली तर पडू दे. जा म्हणते ना! इथे कुणी अडलेलं नाही. मी रविवारी पिरेयसला चाललेय, माझ्या मुलाच्या घरी, तिसऱ्या मजल्यावर. जा. दोघी निघा. आणि दार ओढून घे जाताना, धूळ येते.

—नको. नको, कालित्सा, उघडं राहू दे. गल्ली दिसू दे मला. उघडं ठेव, ऐकलंस का—

ओढलंस होय गं.

कालित्सा!